बांबूच्या मागची मिरवणूक

अनंताची पोथी अर्ध्यावर आली होती तेव्हा फाटकाची कडी वाजली.

सुशीलाबाईंनी ती ऐकली. पण पोथी मधेच सोडून उठायचं नाही, मधे कोणाशी बोलायचं नाही, हा सासूबाईंनी लावून दिलेला नेम. आणि नेमकी गोष्ट आली होती ती रागाच्या भरात अनंताचा दोरा तोडून विस्तवात टाकल्याची. अशा जागी उठणं म्हणजे आपणच तो तोडल्यासारखं. बाहेर दोघं-तिघं हसून काही बोलले. मग चपलांचे आवाज, पुन्हा कडी, आणि मग काहीच नाही. मुलगा अभिनव लवकर आला असेल, असं त्यांनी मनाला समजावलं आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. बोट पुढे सरकत होतं, मन फाटकापाशीच होतं.

आरती झाली, नमस्कार झाला. प्रसादाची वाटी घेऊन त्या पडवीत आल्या तर नवऱ्याची, दिवाकररावांची, खुर्ची रिकामी. पाठीवर टॉवेल, खाली अर्धा प्यालेला चहा.

"अहो," त्यांनी हाक मारली.

न्हाणीघर पाहिलं, मागचं अंगण पाहिलं. मग त्या मधल्या बोळात वळल्या आणि भिंतीकडे पाहून हातातली वाटी कलली. दोन खुंट्यांवरचा बांबू नव्हता.

आता या बांबूचं सांगायला पाहिजे, कारण दिवाकररावांचं सांगायचं म्हणजे बांबूचंच सांगणं आहे. ते वीज खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि हेड लाइनमन होऊन निवृत्त झाले. आर्वीकडचं घराणं, वडिलांच्या नोकरीपायी रायपूरला आलेलं, तेव्हापासून तात्यापाऱ्यात, पारा म्हणजे इथला मोहल्ला. पाऱ्यातल्या मराठी मंडळाचा गणपती विसर्जनाला निघाला की मूर्ती ट्रॉलीवर चढते, तिचा मुकुट वर जातो, आणि गल्लीगल्लीतून आडव्या-तिरप्या तारा लोंबत असतात. त्या मुकुटाला लागू नयेत म्हणून कोणीतरी पुढे चालून तार वर उचलून धरायची, मूर्ती खालून निघून जाईपर्यंत. त्यासाठी हा बांबू. टोकाला लाकडाची बेचकी, बेचकीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा वेढा. मंडळाची रीतच पडली होती: विसर्जनाच्या दिवशी गणपतीच्या आरतीआधी बांबूला हळद-कुंकू लागायचं, दिवाकररावांच्या गळ्यात हार पडायचा, आणि बांबू त्यांच्या हाती गेल्याशिवाय ट्रॉलीचं चाक हलायचं नाही.

सुशीलाबाई लग्न होऊन इथे आल्या तेव्हा शेजारणीला त्यांनी विचारलं होतं, "मिरवणूक केव्हा निघते?" शेजारीण म्हणाली, "वो क्या होता है बहू?" या गावात रात्रीच्या रोषणाईवाल्या मोठ्या गणपतींची झांकी होती, व्यापाऱ्यांची शोभायात्रा होती, ईदचा जुलूस होता, रेल्वे कॉलनीतल्या लोकांची चौदा एप्रिलची रॅली होती. मिरवणूक मात्र कोणाची नव्हती. त्यांनी नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ज्याच्यासाठी मले तार उचला लागते, ते मिरवणूक. बाकी सारा रस्ता जाम."

माहेरी मिरवणं म्हणजे नवं लुगडं नेसून चार घरं फिरून येणं. "लय मिरवू नोको," असं आई दटवायची. आणि पदरी नवरा आला तो मिरवणुकीच्या सगळ्यात पुढे चालूनही कधी न मिरवलेला. देवाकडे पाठ, मान वर, डोळे तारांवर. घरी आल्यावर त्या विचारत, "यंदाचा गणपती कसा होता हो?" तर ते पायातले रबरी बूट काढत म्हणत, "मी तारा पाहू का गणपती?" ते बूट काढेपर्यंत सुशीलाबाईंच्या देवघरातली समई विझत नसे. दरवर्षी जीव मुठीत. पण तेव्हा काळजी करायला एक आधार होता. हा माणूस आधी लाइन बंद करवून घेतो, मग स्वतः तपासतो, मग पायात बूट, आणि मग बांबू. हा क्रम कधी चुकला नाही.

गेल्या दिवाळीपासून सगळे क्रम चुकायला लागले.

सदर बाजारात औषध आणायला गेलेले दिवाकरराव घरचा रस्ता विसरले. दोन दुकानदारांनी धरून आणलं. मागे पोरंटोरं, त्यांच्या मागे बघे. अभिनव फाटकात उभा होता. त्या संध्याकाळी तो आईला म्हणाला, "आई, आज तो जुलूस निकल गया हमारा. अब किसी को पता नहीं चलना चाहिए. लोग बाबा को पगला बोलेंगे, मुझसे सुना नहीं जाएगा." पोट्टा वाईट नाही. बापाला कोणी हसू नये एवढंच त्याला हवं होतं. त्यानं फाटकाला आतून उंचावर नवी कडी बसवली; बाहेरच्याला वरून हात घालून ती काढता येई, बापाला मात्र सापडत नसे. विचारलं कोणी तर सांगायचं, कानाला कमी येतं.

मग आठ दिवसांपूर्वी मंडळाचा भार्गव आमंत्रणाला आला. त्याच्या बापाबरोबर दिवाकरराव कॅरम खेळायचे, तेव्हापासूनचा घरोबा. "काकांशिवाय आपली मिरवणूक कशी निघन?" असं म्हणाला, आणि अभिनव दारातूनच बोलून बसला, "हां हां, आएंगे ना." भार्गवची पाठ वळल्यावर आईला म्हणाला, "उस दिन बोल देंगे बुखार है." आणि तो दिवस आला तेव्हा तो आणि त्याची बायको दोघंही डबे घेऊन नवा रायपूरला आपापल्या ऑफिसात निघून गेले. तापाचं सांगायचं राहिलं. सुशीलाबाईंच्याही ध्यानात राहिलं नाही. सकाळपासून सोवळं, नैवेद्य, आणि मधूनमधून दिवाकररावांचं, "माझी आंघोळ झाली का?"

झाली, झाली, झाली.

आता त्या बोळात उभ्या होत्या आणि एकच गोष्ट डोक्यात घण मारत होती. लाइन बंद केल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, हे त्यांना आठवेल का?

अभिनवचा फोन लागला. त्यांनी एका दमात सारं सांगितलं.

"आई, घबराओ मत. किसी को कुछ मत बोलना. मैं निकल रहा हूँ."

"तू येशीन तवापर्यंत..."

"आधा घंटा, बस. तू घर पे रह. लोगों में तमाशा मत करना."

अर्धा तास कसला. आज विसर्जनाचा दिवस, अर्धे रस्ते बंद. त्यांनी भार्गवला फोन लावला. घंटी वाजत राहिली. मिरवणुकीपुढे वाजणाऱ्या धुमालच्या, म्हणजे इथल्या ढोलपथकाच्या, गजरात खिशातला फोन कोणाला ऐकू येतो? तेवढ्यात लांबून तोच आवाज त्यांच्या कानावर आला. धुमाल वाजू लागलं म्हणजे चाक हललं.

सुशीलाबाईंनी सोवळ्याचं लुगडंही बदललं नाही. चपला घातल्या आणि निघाल्या.

कोपऱ्यावर फुलवाली शेवंता टोपलीवर पाणी शिंपडत होती. "काकू, आत्ता निघाल्या का? काकांले तं भार्गव भैया घेऊन गेला. बाप्पा, केवढा मोठा हार. तुम्ही काहून नाही दिसल्या पूजेले?"

"कोणत्या बाजूनं गेले?"

"हव, तिकडून, हनुमान मंदिराच्या गल्लीनं." मग तिनं सुशीलाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. "का झालं काकू?"

"काही नाही," सुशीलाबाई म्हणाल्या. वर्षभर जिभेवर बसलेला शब्द आपोआप निघाला. काही नाही.

मंदिराची गल्ली. पाऱ्यातल्या सगळ्या गल्ल्या दिवाकररावांना तारांवरून ओळखू येत. जोश्यांच्या गच्चीची तार, पिंपळाची तार, आणि मंदिराच्या वळणावरची ती लोंबती. "हे म्हातारी सगळ्यात बेकार," असं ते त्या तारेबद्दल जेवताना सांगत. मोठ्या रस्त्यावरच्या तारा मागेच जमिनीखाली गेल्या, पण म्हातारी होती तिथेच होती.

सकाळी सर पडून गेली होती. रस्ता ओला होता, खड्ड्यांत पाणी. गुडघा ठणकत होता. चौकात पोलिसांनी आडवा बांबू लावलेला, त्याच्यापाशी एक तरुण शिपाई.

"माताजी, उधर से. झांकी शाम के बाद निकलेगी."

"झांकी नहीं भैया. मिरवणूक. हमारी मिरवणूक गई है आगे."

"क्या गई है?"

"गणपती. छोटा जुलूस."

"जुलूस की तो हमारे पास परमिशन नहीं आई."

सुशीलाबाई रडायच्या बेतात आल्या. "मेरे आदमी आगे हैं," त्या म्हणाल्या. "बीमार हैं."

बीमार. वर्षभरात पहिल्यांदा तो शब्द घराबाहेर पडला, तोही अनोळखी माणसापुढे. शिपायानं काही न विचारता बांबू उचलून धरला. त्या वाकून खालून गेल्या.

गणपतीचं स्तोत्र म्हणावं म्हटलं तर पहिल्या ओळीच्या पुढे सरकेना. मनगटावरचा अनंताचा लाल दोरा त्या बोटानं फिरवत राहिल्या. सकाळी असाच एक दोरा त्यांनी दिवाकररावांच्या हाताला बांधला होता, तेव्हा ते म्हणाले होते, "हे कायले? दवाखान्यात जायचं का?"

मंदिराचं वळण आलं. ट्रॉली थांबलेली होती. मूर्तीचा मुकुट म्हातारीच्या जरा अलीकडे, लाल-पिवळे दिवे लावलेला. बाया झेंडूच्या फुलांसारख्या दाटीनं उभ्या, पोरं धुमालपुढे नाचत होती. सगळ्यांच्या पुढे मोकळ्या जागेत पांढरी टोपी आणि गळ्यात हार घातलेले दिवाकरराव. दोन्ही हातांनी धरलेला बांबू अजून तिरपा होता. मान वर.

सुशीलाबाई थांबल्या, कारण चेहरा ओळखीचा होता. वर्षभर जो माणूस घरात फिरत होता, ज्याचे डोळे भिंतीवरून पाण्यासारखे निथळून जात, तो हा नव्हता. हे तेच होते. कपाळाला आठी, डोळे बारीक, तारेच्या टोकापासून टोकापर्यंत पाहून राहिलेले.

भार्गव घामाघूम होऊन जवळ आला आणि कानाशी ओरडला, "काकू, पाहा काकांले. एकदम फिट. मी म्हणलं ना, कान गेले त का झालं?"

आणि एक क्षण असा आला की वाटलं, गप्प राहावं. त्यांना सारं आठवत असेल. हात आपोआप करतील. मूर्ती पार होईल, हार घालून घरी येतील, अभिनवला म्हणता येईल की कोणाला काही कळलं नाही. देवाच्याच कृपेनं घरचं घरात राहील.

मग त्यांची नजर खाली गेली.

दिवाकरराव अनवाणी होते. ओल्या रस्त्यावर, खड्ड्यातल्या पाण्यात एक पाय. आयुष्यभर या माणसानं रबरी बूट घातल्याशिवाय तारेकडे मान वर केली नव्हती.

"भार्गव, लाइन बंद केली का?"

"आं?"

"लाइन."

"काकांनीच केली असन ना काकू. दरसाल तेच तं फोन करतात."

"तू विचारलं?"

"त्यांले मी का विचारू?"

बांबू वर जाऊ लागला होता. सुशीलाबाईंनी भार्गवच्या शर्टाची बाही घट्ट धरली. धुमालवर आवाज चढवून त्या बोलल्या, आणि जे बोलल्या ते आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं. "त्यांले काही आठवत नाही रे. वर्ष होऊन राहिलं. आम्ही लपवलं. हे वाजवणं बंद कर."

भार्गवनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर करून धुमालकडे धावला. ढोल एकेक करून गप्प झाले. नाचणारी पोरं नाचायच्या पवित्र्यात तशीच राहिली. एवढ्या माणसांत एकाएकी एवढी शांतता, की ट्रॉलीवरच्या जनरेटरची घरघर ऐकू यावी.

जवळ जाऊन ओढायचं नाही. झोपेतल्या माणसाला दचकवायचं नाही, तसंच हे. त्या लांबूनच, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो. लाइन चालू आहे."

बेचकी थांबली. तारेच्या जरा खाली, हलत राहिली. मग बांबू सावकाश खाली आला, आणि दिवाकरराव वळले ते चिडलेले.

"चालू हाय? मग बंद हाय म्हणलं कोण?"

भार्गवनं खिशातून फोन काढला.

"कोणी पाहिलं का नाही? का माणूस मारता?" ते समोरच्या गर्दीवर ओरडले, जसे हाताखालच्या पोरांवर ओरडत. "पाहिल्याशिवाय पुढे धाडता. लाज वाटते का?"

भार्गव मान खाली घालून फोन लावत होता. बराच वेळ कोणी उचलेना, मग कोणीतरी उचललं, मग तो पत्ता सांगू लागला. सगळा रस्ता त्याच्या तोंडाकडे पाहत होता. शेवटी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीतला पंखा हळू पडत पडत थांबला.

"झाली," कोणीतरी म्हणालं.

"तपासा," दिवाकरराव म्हणाले.

खात्यातला माणूस येऊन तपासेपर्यंत ट्रॉली तिथेच उभी राहिली. मग भार्गवनं बांबू मागितला. दिवाकररावांनी दिला नाही. सुशीलाबाईंनी जवळ जाऊन त्यांच्या मुठीवर हात ठेवला. दोघांच्या मनगटांवरचे दोरे एकमेकांना लागले. "पोट्ट्याले शिकू द्या आता," त्या म्हणाल्या. दिवाकररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, ते काही कळलं नाही. पण बोटं सैल झाली.

बाजूला सरकल्यावर ते पहिल्यांदाच बांबूच्या मागे आले, आणि समोर ट्रॉली होती. म्हातारी वर उचलली गेली आणि मूर्ती तिच्या खालून पुढे निघाली. दिवाकररावांनी टोपी काढली.

"कोणाची मिरवणूक हाय?"

"आपली."

"मूर्ती चांगली हाय. दरसाल बसवतात का?"

"हो," सुशीलाबाई म्हणाल्या.

धुमाल पुन्हा सुरू झालं, पण दबकत. बाया कुजबुजत होत्या. एकीचं "बिचारे" त्यांच्या कानावर आलं आणि काट्यासारखं रुतलं. दुसरी कोणी पुढे येऊन स्वतःच्या चपला काढून दिवाकररावांपुढे ठेवू लागली. त्या लहान होत्या. हसायची वेळ नव्हती, पण ती बाई स्वतःच हसली आणि सुशीलाबाईही. कोणी "पगला" म्हणालं नाही. मागून म्हणतील, उद्या म्हणतील. आज तरी नाही.

पुढच्या वळणाशी अभिनव आला. गाडी कुठेतरी लांब टाकून धावत आला असावा, गळ्यातलं ओळखपत्र पाठीवर गेलेलं. त्यानं आईकडे पाहिलं, बापाच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग गर्दीकडे.

"सबको बता दिया?"

"सांगितलं."

तो आईच्या बाजूनं चालू लागला. बापाला हसतील ही त्याची भीती खोटी नव्हती, आणि ती काही आज संपणार नव्हती. मग त्यानं वाकून आपले बूट काढले आणि बापाच्या पुढ्यात बसून त्याच्या पायांत चढवायला लागला. मिरवणूक त्यांना वळसा घालून पुढे जात राहिली. नाड्या बांधताना त्याचे डोळे भरले, पण तो मान वर करत नव्हता.

"पोलिसात हायस का?" दिवाकररावांनी त्याला विचारलं.

"नहीं बाबा."

"मग बूट कायले घालून देतो?"

"तार आहे ना," अभिनव म्हणाला. मराठीत म्हणाला.

मोठ्या रस्त्यापर्यंत अजून बऱ्याच गल्ल्या होत्या. तिथून ट्रॉली विसर्जनाला नदीवर महादेवघाटाला जाईल, चालणारे घरी परततील. सुशीलाबाईंनी एक हात धरला होता, अभिनवनं दुसरा. पुढे भार्गव बांबू घेऊन, मान वर. एक तार आली, की दिवाकरराव थांबत.

"लाइन बंद हाय ना?"

"बंद आहे."

चार घरं पुढे गेलं की पुन्हा तेच. "लाइन बंद हाय ना?"

प्रत्येक वेळी उत्तर देण्याआधी सुशीलाबाई मान वर करून पाहत, मग भार्गवकडे पाहत, त्यानं मान हलवली की सांगत, बंद आहे. गणपतीचं तोंड कुठल्या बाजूला आहे, मागे कोण चालतंय, कोण काय बोलतंय, हे त्यांना मोठा रस्ता येईपर्यंत दिसलंच नाही.